पाचनंतरची नाव

दार लोटून घे, मिहो. वारा आत येतोय. आणि ती किटली परत शेगडीवर चढव. झाडांखालचे दिवे दहाला बंद होतात, त्यानंतर फेरीला निघू. तोवर तू मघाशी विचारलंस त्याचं उत्तर देतो. संध्याकाळी पाचनंतर खंदकातल्या नावांच्या धक्क्यावर कुणी थांबायचं नाही, असं मी तुम्हाला कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं. तुम्ही आपापसात म्हणालात, म्हाताऱ्याला पोरापोरींची मजा बघवत नाही. मला ऐकू येतं बरं का. कान अजून शाबूत आहेत.

ऐका, मग काय ते ठरवा.

ही हकिगत किनुएबाईंची. ओदातेला स्टेशनाच्या मागे त्यांचं टोफूचं दुकान आहे, आजही आहे. मी त्यांना चांगला ओळखतो. त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं तेच सांगणार. पदरचं काही घालत नाही.

त्या निघाल्या होत्या एक कात्री परत करायला.

दिवस सांगतो. २०१९ सालचा दोन मे, गुरुवार. नवे सम्राट गादीवर येऊन नवं युग सुरू झालं त्याचा दुसराच दिवस, सगळ्या देशाला दहा दिवसांची सुट्टी, आणि अर्धा देश आपल्या हिरोसाकीच्या किल्ल्यात आल्यासारखी गर्दी. अमावास्या तीन दिवसांवर होती. चेरीचा बहर उतरणीला लागलेला. पाकळ्या झडून खंदकात साचण्याचे ते दिवस, तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षी इतक्या पडल्या की पश्चिमेच्या खंदकात पाणी म्हणून दिसेना.

ओदातेहून इथं यायला आगगाडीनं पाऊण तास लागतो. किनुएबाईंना सात वर्षं लागली.

त्याचं असं झालं. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा. योसुके त्याचं नाव. टोफूच्या दुकानाचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. रात्री भिजवलेलं सोयाबीन वाटायचं, कढवायचं, दूध गाळून घ्यायचं, ते साकळलं की साच्यात दाबायचं आणि वड्या गार पाण्यात सोडायच्या. त्या पाण्यातून वड्या काढून डब्यात भरायचं काम योसुकेचं. जानेवारीत त्या पाण्याला हात लावणं म्हणजे शिक्षा. पोरगा हात लालभडक करून घ्यायचा आणि शाळेत जाण्याआधी ते आईच्या मानेवर ठेवून तिला किंचाळायला लावायचा. मग ती त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसायची. असं त्या दोघांचं चाललेलं.

चोविसाव्या वर्षी तो म्हणाला, "आई, मी हिरोसाकीला जातो. किल्ल्यातल्या चेरीच्या झाडांची निगा राखणाऱ्या माळ्यांत एक जागा आहे."

"झाडं सांभाळायला त्यांच्या गावची पोरं आहेत," बाई म्हणाल्या. "या दुकानाला तू एकटा आहेस."

"दुकान कुठं पळून चाललंय?"

"आणि मी?"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा बाईंना जास्त राग आला. म्हणाल्या, "गेलास तर गेलास. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

रागात माणूस बोलून जातं. चार दिवसांनी विसरायचं असतं. पण मायलेकरं एकाच घडणीची. त्यानं शब्द तसाच्या तसा धरून ठेवला आणि हिनं तो मागे घेतला नाही.

तर तो माझ्या हाताखाली आला. पाच वर्षं होता. झाडावर चढला की फांदीला कळायचं नाही असा हलका पोरगा. दर एप्रिलला याच टेबलावर बसून आईला एक कार्ड लिहायचा. लपवून वगैरे नाही, मला वाचून दाखवायचा. "आई, यंदा तेवीसला उमलतील. पाचला नावा बंद होतात, त्यानंतर नाववाला मला एक देतो. ये. खंदकातून फिरवून आणतो." तारीख तेवढी बदलायची, बाकी मजकूर तोच. पाच वर्षांत पाच कार्डं. उत्तर एकाचंही आलं नाही.

२०१७च्या फेब्रुवारीत घाटात त्याची गाडी घसरली. बर्फ फार पडत होता. ओदातेकडे उतरणारी बाजू, म्हणजे तो घरी चालला होता. कामाचा दिवस, भल्या पहाटेची वेळ, मलाही काही बोलला नव्हता. एकाएकी का निघाला, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मी अंत्यविधीला गेलो होतो, तीन माळी घेऊन. बाईंनी आम्हाला चहा दिला. "फार गुणी पोरगा होता" असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... मी उठलोच.

पोलिसांनी गाडीतलं सामान खोक्यात भरून त्यांच्याकडे दिलं. बूट, चहाचा थर्मास आणि छाटणीची कात्री. तिच्या मुठीवर आपल्या बागेचं चिन्ह डागलेलं असतं, तुमच्याही असतं. दोन वर्षं ती कात्री दुकानात पडून होती.

त्यांच्या गल्लीतल्या महिला मंडळाची दर वसंतात इकडे सहल निघते. किनुएबाई कधी यायच्या नाहीत. त्या वर्षी शेजारच्या लाँड्रीवाल्या तोमीबाईंनी त्यांना न विचारताच त्यांचं नाव यादीत घालून टाकलं. या तोमीबाई म्हणजे बाराही महिने चालणारा रेडिओ. किनुएबाईंनी नाव खोडलं नाही. मनाशी म्हणाल्या, कात्री बागेची आहे. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये. परत करायची आणि यायचं.

बसमध्ये बावीस बायका. गाणी, खाणी, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. किनुएबाई खिडकीला डोकं लावून बसलेल्या.

"अगं, फुलं बघायला चाललोय," तोमीबाई म्हणाल्या, "मयताला नाही. तोंड जरा सैल सोड की."

म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. पुढचा अर्धा तास रेडिओ बंद.

दिवसभर सगळ्या फिरल्या. बुरूज झाला, लाल पूल झाला, फोटो झाले. अंधार पडला तसे झाडांखालचे दिवे लागले. सव्वासातला किनुएबाई हळूच उठल्या. रुमालात बांधलेली कात्री पिशवीतून काढून हातात घेतली.

"कुठं निघालीस?" तोमीबाईंनी विचारलं. "संडासाला? रांग बघितलीस का? तुझा नंबर लागेस्तोवर पुढच्या वर्षीची फुलं येतील."

"जरा जाऊन येते."

"साडेआठला बस सुटते हं. नाही आलीस तर तुझ्या वाटणीचे डांगोचे लाडू मी खाणार. काडीसकट."

किनुएबाईंना हसू आलं. खूप दिवसांनी आलं, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी एका रखवालदाराला माळ्यांची खोली विचारली. त्यानं पश्चिमेकडे हात केला, खंदकापलीकडे. त्या चालत चालत धक्क्यापाशी आल्या. मागे खाण्याच्या गाड्यांचे दिवे, तळणीचा वास, पोरांचा दंगा. पुढे पाकळ्यांनी गच्च भरलेला खंदक. नावा ओळीनं बांधून ठेवलेल्या. शेवटच्या नावेत कुणीतरी बसलं होतं.

"अहो, ऐकलंत का?" बाईंनी हाक मारली. "ओसानाईसाहेबांची खोली कुठली?" म्हणजे माझी.

"पलीकडच्या काठावर," नावेतला माणूस म्हणाला. "पुलावरून गेलात तर गर्दीत अर्धा तास जाईल. बसा, सोडतो."

"नावा पाचला बंद होतात म्हणे."

"होतात."

तेवढंच म्हणाला. बाईंना साडेआठची बस गाठायची होती. त्या बसल्या. कात्री मांडीवर ठेवली. नाव निघाली.

वल्हवणारा आणि बसणारा समोरासमोर असतात, तुम्हाला माहीत आहे. पण हा पलीकडच्या काठाकडे तोंड करून वल्ही ढकलत होता, त्यामुळे गाड्यांचे दिवे त्याच्या पाठीमागे होते. बाईंना त्याचे खांदे दिसत होते. कपाळावर खाली ओढून बांधलेला पंचा दिसत होता, आपण छाटणीला बांधतो तसाच. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. त्यांना वाटलं, असेल माळ्यांपैकी कुणी.

अंगात त्याच्या पातळ सदरा होता. मे महिना असला तरी आपल्याकडची रात्र ती. बाईंना राहवेना.

"जाकीट नाही का आणलंत?"

"थंडी लागत नाही."

"या वयात नाही लागत. पुढे गुडघे बोलायला लागले की आठवेल ही म्हातारी."

तो नाकातल्या नाकात हसला.

"घरी आई असेल ना? ती नाही का काही बोलत?"

तो म्हणाला, "बोलत नाही."

"काहीच बोलत नाही? कमाल आहे बाई. माझ्यासारखी असती तर कान धरून घातलं असतं जाकीट."

"रागावलीय ती."

"कशावरून?"

वल्ही एकदा पुढे गेली. एकदा मागे आली.

"झाडांवरून," तो म्हणाला.

...

किनुएबाईंच्या लक्षात आलं, वल्ह्यांचा आवाज येत नाहीये. पाणी वाजत नाहीये. मघाचा दंगा, तळणीची चुरचुर, ढोलाचा आवाज... काही नाही. दोन्ही काठांवर माणसं होती. कंदिलांच्या उजेडात हलत होती. तोंडं उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता.

त्यांनी त्याच्या हातांकडे बघितलं.

डाव्या हाताची चार बोटं वल्ह्याभोवती आवळलेली. करंगळी सरळ. बाजूला.

नऊ वर्षांचा असताना योसुकेचा हात उकळत्या दुधाच्या पातेल्यात गेला होता. त्यानंतर ती करंगळी कधी वाकली नाही.

बाई ओरडल्या नाहीत. उठल्या नाहीत. नंतर मी त्यांना विचारलं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाल्या, "वाटली ना, ओसानाईसाहेब. मान वळवली, तर पलीकडचा काठ जवळ आला होता. त्याची भीती वाटली."

त्या म्हणाल्या, "सावकाश वल्हव."

तो सावकाश वल्हवू लागला.

थोडा वेळ गेला. किती, ते त्यांना सांगता येत नाही.

"जेवतोस ना वेळेवर?" त्यांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही म्हणाल्या. इतक्या वर्षांचं साचलेलं, आणि तोंडातून आलं ते हे.

तो वल्हवत राहिला.

"कार्डं मिळाली मला. पाचही मिळाली." बाई म्हणाल्या. "दर वर्षी तारीख बघायची मी. त्या दिवशी दुकान लवकर बंद करायची. बूट घालायची. दारापर्यंत यायची, योसुके. दारापर्यंत... आणि परत बूट काढायची."

"हं," तो म्हणाला.

"तोंड बघू दे रे तुझं."

वल्ही थांबली.

"तूच म्हणाली होतीस..." तो म्हणाला.

रागानं नाही. तक्रारीनंही नाही. लहान मूल 'तूच म्हणालीस ना बाहेर जाऊ नको' असं सांगतं, तसं.

बाईंनी कपाळ नावेच्या काठावर टेकवलं. "चुकले मी. ते चुकून बोलले रे. एकदा बघू दे."

तो पुन्हा वल्हवू लागला.

पलीकडच्या काठाला लागायचं तर नाव वळवावी लागते. वळली की गाड्यांचे दिवे बाजूनं येणार. त्याच्या चेहऱ्यावर पडणार. बाईंना ते कळलं. त्यांनी मान वर केली.

"आई," तो म्हणाला. "डोळे मिट."

"नाही मिटणार."

"मिट. मला इथवर यायला दिलंय, ते याच अटीवर."

...

त्यांनी मिटले. तोंडावर उजेड आलेला त्यांना मिटल्या डोळ्यांतून कळला. लाल उजेड. समोर हातभर अंतरावर तो. फक्त पापण्या उचलायच्या होत्या. मला सांगताना बाई म्हणाल्या, आयुष्यात एवढं जड काम केलं नाही.

डोळे मिटूनच त्यांनी विचारलं. दोन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, कुणाला विचारता येत नव्हतं, ते.

"त्या दिवशी पहाटे चारला फोन केलास. तू 'आई' म्हणालास आणि मी ठेवला. दूध उतू जात होतं, असं मी मनाला सांगते. दूध उतू जात नव्हतं, योसुके. मी मुद्दाम ठेवला. काय सांगणार होतास? लग्न ठरलं होतं का? काही दुखत होतं? परत यायचं होतं का तुला? सांग रे."

"जाग आली लवकर," तो म्हणाला. "बाहेर बर्फ पडत होता. वाटलं, आता तुझा पहिला घाणा उतरत असेल. गरम टोफू खावासा वाटला."

"आणि?"

"एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच, आई. वाटीभर."

...

नाव दगडाला लागली. "पायरी आहे. जपून," तो म्हणाला. त्यानं हात पुढे केला. बाईंनी डोळे मिटूनच तो धरला.

हात ओला होता. गार होता. टोफूच्या पाण्यातून काढल्यासारखा.

बाई पायरीवर उतरल्या, पण हात सोडला नाही. दोन्ही हातांत धरून चोळायला लागल्या. त्याच्या लहानपणी चोळायच्या तसा. फुंकर घातली. परत चोळला. पदराखाली धरावा तसा कोटाच्या आत, छातीशी धरला. चोळत राहिल्या... ऊब येईना. कितीही चोळला तरी ऊब येईना.

"राहू दे," तो म्हणाला.

"थांब. येईल. आत्ता येईल."

"राहू दे, आई."

मग त्यांच्या हातात काही नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा पायरीवर त्या एकट्याच. समोर नाव नव्हती. आवाज सगळे परत आलेले.

याच दारावर त्यांनी थाप मारली, पोरांनो. मी इथंच बसलो होतो. घड्याळात दहाला दहा कमी होते. बाईंना वाटत होतं, नावेत पंधरा मिनिटं गेली. अडीच तास झाले होते त्यांना निघून.

मी ओळखलं त्यांना. उठून उभा राहिलो. त्यांनी रुमाल सोडला, कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुमची. उशीर झाला, माफ करा." अगदी व्यवस्थित, वाकून. आणि मग तिथं, तू बसलीयस ना मिहो, त्या खुर्चीत त्यांनी अंग टाकलं.

"कशा आलात?" मी विचारलं.

"नावेतून."

"नावा पाचला बंद होतात, बाई."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं तसंच लिहिलं होतं."

टॉर्च घेऊन बाहेर पडलो तोवर दिवे बंद झाले. पुलावरून धावत धक्क्यावर गेलो. सगळ्या नावा जागेवर. साखळी सगळ्यांतून ओवलेली, कुलूप लागलेलं, किल्ली नाववाल्याच्या घरी. मी कुलूप हलवून बघितलं. पक्कं होतं. पाण्याकडे टॉर्च मारायचं काही सुचलं नाही. खरं सांगू का... मारवेना.

परत येतोय तर रखवालदाराबरोबर तोमीबाई. बाकीच्या बायकांना बसनं पाठवून दिलं होतं आणि या एकट्या मागे राहून सगळा किल्ला पालथा घालत होत्या. घसा बसलेला. आत शिरल्या त्या किनुएबाईंच्या अंगावरच गेल्या. "मेलीस म्हटलं गं बये! खंदकात पडलीस म्हटलं! दोन तास तुझ्या नावानं बोंबलतेय मी, लोकांना वाटलं माझं पोर हरवलंय!" शिव्या देतायत, गालांवरून हात फिरवतायत, रडतायत.

"तोमी," किनुएबाई म्हणाल्या. "त्याला टोफू खायचा होता गं. वाटीभर."

आणि मग पहाटेपर्यंत त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं, ते मी आत्ता तुम्हाला सांगितलं. तोमीबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेगडीत रॉकेल संपलं, ते भरायला उठावं असंही कुणाला वाटलं नाही.

रडल्या का, विचारतेस? रात्रभर नाही. सगळं सांगून झालं आणि बाहेर पाखरं बोलायला लागली, तेव्हा रडल्या. मी म्हटलं, काही मोठं राहून गेलं नव्हतं बाई, भूक लागली होती पोराला, एवढंच. समजूत घालायला म्हणालो. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "म्हणूनच तर. मोठं काही असतं तर मला जमलं नसतं, असं म्हणता आलं असतं. वाटीभर टोफू तर मी रोज शेजारच्या मांजराला घालते."

दुकान त्यांनी सोडलं नाही. फोन आता पहिल्या घंटेला उचलतात, हात कशानंही माखलेले असोत. तोमीबाई सांगतात, चुकीचा नंबर लागला तरी त्या माणसाला जेवलास का विचारतात. आणि दर वर्षी दोन मेला पहिला घाणा उतरला की तो गरम असतानाच डब्यात भरून पहिल्या गाडीनं इथं येतात. परवा तुम्ही सगळ्यांनी खाल्लात तो त्यांचाच. मिहो, तू तीन वाट्या खाल्ल्यास. दारात उभ्या राहून बघत होत्या त्या तुझ्याकडे, आठवतं? डबा घेऊन परत जातात. धक्क्याकडे कधी जात नाहीत.

...

दहा वाजत आले. दिवे जातील आता.

एक राहिलं. त्या पहाटेचं.

साडेचारला उजाडलं. तोंड धुवायला म्हणून आम्ही तिघं बाहेर पडलो आणि खंदकाच्या कठड्यापाशी आलो. वारा अजिबात नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत पाकळ्यांची साय धरलेली, बोट ठेवायला जागा नाही. आणि त्यातून एक काळी वाट गेलेली. नावेच्या रुंदीची. कडा सुरीनं कापल्यासारख्या. धक्क्यापासून निघाली होती, अगदी सावकाश वळसे घेत, मध्ये दोनदा उगाच लांबून फिरून इकडच्या पायऱ्यांना लागली होती.

बदकं पोहत गेली. त्यांच्या मागच्या रेघा लगेच मिटल्या. ही मिटली नाही. ऊन आलं, वारा सुटला, गर्दी झाली, लोकांनी फोटो काढले... संध्याकाळी मी पुन्हा जाऊन बघितलं. तशीच होती.

पायऱ्यांपासून ती परत फिरली होती. धक्क्याकडे गेली नव्हती. खंदकाच्या मधोमध गेली होती...

आणि तिथं संपली होती.